खानदेशी धाबं आणि फायबरच्या भिंती

१९०६मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. धाब्याची घरं मात्र दोन्हीकडे होती. ती कच्ची होती, हा समज मला मान्य नाही. छताला लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, त्यावर खारी माती. पावसाळ्याआधी दरसाल नवा थर पडे आणि पाण्याची वाट बंद होई. आजच्या गाडीवरच्या फिरत्या घरांच्या फायबरग्लासच्या भिंतीही पाण्यानेच बिघडतात. सांध्यातून ओल शिरते, आतलं प्लायवूड कुजतं, वरचा थर सुटून फुगतो. धाब्याला दरसाल कष्ट लागतात, फायबरला नाहीत, असा आक्षेप येईल. पण सांध्यातलं सीलंटही उन्हाने तडकतं, तेही वेळोवेळी बदलावंच लागतं. शिवाय धाबं गळलं की लगेच कळतं; फायबरमागची कूज बरेच दिवस लपून राहते. म्हणून टिकाऊपणाचं श्रेय साहित्याआधी देखभालीच्या रीतीला द्यायला हवं, आणि ती रीत खानदेशाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.