सर्पगंधेपासून केटामाइनपर्यंत

सोनपेठच्या शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना एकाने आम्हाला विचारले, "जे औषध टोचून माणसाला झोपवतात, ते उदास माणसाला उठवून कसे बसवते?" रोख केटामाइनवर होता. उत्तर शोधताना आम्हाला प्रथम मुंबईत थांबावे लागले.

१९४९ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसरपीन वेगळे केले गेले. रक्तदाब उतरे; पण काही रुग्ण खिन्न होत. १९५५ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले, की रेसरपीनने मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. याउलट क्षयावरचे इप्रोनायझिड घेणारे रुग्ण उल्हसित होत, आणि ते औषध सेरोटोनिनचा नाश रोखणारे निघाले. दोन टोके जुळली. असे संदेशवाहक कमी पडले की नैराश्य येते, हे गृहीतक मूळ धरून बसले. (रेसरपीनने खरोखर नैराश्य येते का, यावर पुढे शंका घेतली गेली, तोवर गृहीतक पाठ्यपुस्तकांत पोचले होते!)

त्यावर बेतलेल्या गोळ्यांनी अनेकांना आराम पडला. अडचण एकच. गोळीचा रासायनिक परिणाम काही तासांत होतो, मन सावरायला मात्र आठवडे लागतात. जीव द्यायच्या विचारात असलेल्या माणसासाठी हे आठवडे किती लांब असतात, हे मराठवाड्यातल्या शिक्षकांना आम्ही काय सांगावे?

केटामाइन १९६२ साली अमेरिकेत कॅल्विन स्टीव्हन्स यांनी बनवले. १९६४ मध्ये ते प्रथम मिशिगनमधील कैद्यांना देण्यात आले (आज हे खटकते). डोळे उघडे, श्वास चालू, पण वेदना नाही! शरीरापासून तुटल्यागत या अवस्थेला 'विलग' हे विशेषण सुचवले ते संशोधक डॉमिनो यांच्या पत्नीने. १९७० मध्ये तेथे मान्यता मिळाली. श्वास फारसा मंदावत नाही आणि रक्तदाब घसरत नाही, म्हणून यंत्रसामग्री तुटपुंजी असलेल्या ठिकाणी ते मोलाचे ठरले.

२००० साली येल विद्यापीठात नैराश्याच्या सात रुग्णांवर छोटी चाचणी झाली. २००६ मध्ये, इतर औषधे लागू न पडलेल्या १७ रुग्णांना केटामाइन दिले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी १२ जणांना स्पष्ट आराम दिसला. आठवडाभर तो फक्त सहा जणांत टिकला. सेरोटोनिन येथे मुख्य पात्र नव्हते. केटामाइन ग्लुटामेट या संदेशवाहकाचे एक ग्राहक अडवते. त्यातून चेतापेशींच्या जोडण्या नव्याने फुटतात, असे प्राण्यांत दिसते. माणसात नेमके काय घडते, यावर वाद चालू आहे.

धोकेही आहेत. भास होतात, रक्तदाब चढतो, वारंवार सेवनाने मूत्राशय बिघडते, व्यसन लागते. २०१३ मध्ये भारताने त्याला 'शेड्यूल एक्स'मध्ये टाकले. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याच्या भावंडाचा, एस्केटामाइनचा, नाकात मारायचा फवारा संमत झाला; तोही डॉक्टरांसमोर घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास तेथेच बसायचे. गावात मन खचलेल्या कुणासाठी पहिला फोन १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर करता येतो.

आता त्या शिक्षकांचा प्रश्न. भूल देताना शिरेतून किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम औषध झटपट देतात. २००६ च्या चाचणीत अर्धा मिलिग्रॅम, तोही ४० मिनिटांत थेंबथेंब दिला होता. एवढ्याने भूल चढत नाही. रुग्ण जागाच असतो.