वकील फोन उचलत नाहीत, तारीख तर जवळ आली : कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराने काय करावे?

पोटगीचा अर्ज दाखल होऊन वर्ष उलटते. वकीलसाहेब फोन उचलत नाहीत. ऑफिसात गेले तर "साहेब कोर्टात आहेत" एवढेच उत्तर मिळते. अशा तक्रारी आपल्या वस्त्यांमधून आम्ही नेहमी ऐकतो. वकीलपत्रावर सही केली की आपले काम संपले, असे अनेकांना वाटते. पण खटला वकिलाचा नसतो, आपला असतो. तारीख चुकली तर झळ आपल्या लेकरांना बसते.

प्रकरणाची स्थिती स्वतः पाहा

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल अॅपवर सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा. मागच्या तारखांना काय घडले हे रोजनाम्यात नोंदलेले असते. वकील हजर होते की नाही, हेही त्यातूनच कळते.

तारखेला हजर राहा

कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 13 नुसार या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. म्हणजेच पक्षकाराने स्वतः बोलावे, असे कायद्यालाच अपेक्षित आहे. वकील आले नाहीत तर घाबरू नका. पुकारा होताच उभे राहा, अडचण सांगा आणि मुदतीसाठी मराठीत साधा अर्ज द्या.

कोणीच हजर नसेल तर अर्जदाराचा अर्ज काढून टाकला जाऊ शकतो आणि जाबदाराविरुद्ध एकतर्फी आदेश होऊ शकतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची मुदत साधारण 30 दिवसांची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखालील एकतर्फी पोटगी आदेशासाठी ती तीन महिने आहे. म्हणून कळताच धावपळ करा.

विचारणा लेखी करा

एकदा फोन उचलला नाही म्हणजे वकील बेजबाबदार, असे नव्हे. ते दुसऱ्या कोर्टात असू शकतात. पण आठवडे उलटले तर स्पीड पोस्टाने पत्र आणि सोबत वॉट्सअॅप पाठवा. पुढची तारीख कोणती, काय दाखल केले आणि काय बाकी आहे, एवढेच नम्रपणे विचारा. आपल्या कागदांच्या प्रती मागा. उत्तरासाठी आठ दिवस द्या. पोटगीच्या प्रकरणात उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र दाखल झाले का, हे आवर्जून विचारा. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोन्ही बाजूंनी ते द्यावे लागते.

वकील बदलता येतो

वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने रद्द करता येते. नवे वकील सहसा आधीच्या वकिलांचे ना हरकत पत्र मागतात. ते मिळत नसेल तर कारण नमूद करून न्यायालयाची परवानगी मागता येते. फी थकली म्हणून वकिलांना फाईल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही फाईल मिळाली नाही तर न्यायालयातून नकला काढा.

पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे जातीचा दाखला असलेले आपले बांधवही या मदतीला पात्र आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा.

तक्रार कुठे?

ग्राहक मंचात नाही. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल मे 2024 मध्ये लागला. गंभीर गैरवर्तन असेल तर अधिवक्ता कायदा, 1961 च्या कलम 35 खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते. पत्रे, फीच्या पावत्या आणि रोजनाम्याची नक्कल जोडा. मात्र तक्रारीने खटला पुढे सरकत नाही. आधी तारीख सांभाळा, तक्रार नंतर करा.

एक वही करा. प्रत्येक तारीख, त्या दिवशी काय झाले आणि किती पैसे दिले, हे त्यात लिहा. उद्या नवा वकील करावा लागला तर त्याला पहिल्याच दिवशी सगळे प्रकरण त्या वहीतून कळेल.