अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा म्हणजे मद्यपाशातून मुक्त होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तींनी परस्परांच्या आधारासाठी नियमितपणे भरवलेली बैठक होय. संस्थेचे नाव संक्षेपाने 'ए.ए.' असे घेतले जाते, तर सभेला सदस्य बोलताना 'मीटिंग' असेच म्हणतात. सभेस शुल्क नसते आणि कोणाची शिफारस लागत नाही. मद्यपान थांबवण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे. सदस्यांची ओळख गुप्त राखण्याच्या तत्त्वामुळे सभास्थानी ठळक फलक असतोच असे नाही. त्यामुळे जे तत्त्व नवागताच्या अब्रूचे रक्षण करते, त्याच तत्त्वामुळे त्याला सभेचा पत्ता लागणे कठीण होते.

== उगम ==

संस्थेचा आरंभच एका शोधातून झाला. न्यूयॉर्कमधील शेअर व्यवसायातील बिल विल्सन यांनी डिसेंबर 1934 मध्ये मद्य सोडले होते. मे 1935 मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी त्यांचा एक व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या दालनात एकीकडे मद्यगृह आणि दुसरीकडे शहरातील चर्चची यादी व दूरध्वनी, अशा अवस्थेत त्यांनी दूरध्वनीचा आश्रय घेतला. दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलता आले तरच आपला निग्रह टिकेल, अशी त्यांची धारणा होती. एका धर्मगुरूंच्या मार्फत हेन्रिएटा साइबरलिंग या महिलेशी आणि त्यांच्यामुळे शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी त्यांची गाठ पडली. डॉ. स्मिथ यांनी अखेरचे मद्य घेतल्याचा दिवस, 10 जून 1935, हा संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. 1939 मध्ये संस्थेच्या नावाचाच ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्यात 'बारा पायऱ्या' मांडल्या गेल्या. संस्थेच्या कारभाराचे नियम असलेल्या 'बारा परंपरा' 1950 मध्ये स्वीकारण्यात आल्या. भारतात हे कार्य 1957 मध्ये मुंबईत सुरू झाले.

== सभेचा शोध ==

भारतातील ए.ए.चे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत भायखळा येथे आहे. संस्थेच्या संकेतस्थळावरून व मदतवाहिन्यांवरून आपल्या भागातील गटाचा वार, वेळ व स्थळ कळू शकते. सभा बहुधा शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह वा रुग्णालयातील खोली अशा मागून घेतलेल्या जागी भरतात. जागा बदलण्याची शक्यता असल्याने निघण्यापूर्वी दूरध्वनीवर खात्री करून घेणे इष्ट असते. विनंती केल्यास एखादा जुना सदस्य नवागताला प्रथम भेटून सोबत नेतो. ही सोय फारशी ठाऊक नसते. एकट्याने दाराशी जाऊन परत फिरणाऱ्यांसाठी मात्र ती मोलाची आहे.

सभा 'खुली' की 'बंद' हे आधी विचारावे लागते. खुल्या सभेस नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर असे कोणीही येऊ शकते. बंद सभा केवळ मद्यपाशात सापडलेल्यांसाठी असते. भाषेचीही चौकशी करावी, कारण मुंबईसारख्या शहरात मराठी, हिंदी व इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांतील गट आहेत. लहान गावात ओळख फुटण्याचे भय अधिक असते. अशा वेळी शेजारच्या शहरातील किंवा 2020 नंतर मोठ्या प्रमाणावर सुरू झालेल्या ऑनलाइन सभांचा पर्याय उपलब्ध असतो.

शासकीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक 14446, तर मानसिक आरोग्यविषयक 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक 14416 आहे.

== स्वरूप ==

सदस्य केवळ पहिल्या नावाने ओळख देतात आणि स्वतःचा अनुभव सांगतात. मध्येच बोलण्याची वा उपदेश करण्याची प्रथा नाही. नवागताने न बोलता नुसते ऐकले तरी चालते. शेवटी खर्चासाठी ऐच्छिक वर्गणी गोळा होते; बाहेरच्या देणग्या संस्था घेत नाही. अनुभवी सदस्याला 'स्पॉन्सर' म्हणून निवडता येते.

ही सभा उपचारकेंद्र नव्हे. दीर्घकाळ रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास आकडी, भ्रम व क्वचित मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून हात कापणे, घाम सुटणे, भास होणे अशी लक्षणे दिसल्यास सभेपूर्वी डॉक्टर गाठणे आवश्यक असते. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (स्थापना 1986) यांसारख्या संस्थांत निवासी उपचार मिळतात. उपचार संपवून घरी परतलेल्यांना पुढे बळ टिकवण्यासाठी ए.ए.च्या सभांचा उपयोग होतो.

== परिणामकारकता व आक्षेप ==

27 अभ्यासांचा व 10,565 व्यक्तींचा समावेश असलेल्या 2020 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, ए.ए. व तत्सम सुसूत्र कार्यक्रम मद्यापासून अखंड दूर राहण्याच्या बाबतीत अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. बारा पायऱ्यांतील ईश्वराच्या उल्लेखावर मात्र अनेकांनी आक्षेप घेतला आहे. प्रत्येकाने 'आपल्याला उमगेल तसा' ईश्वर मानावा, अशी त्यात मुभा आहे. तरीही निरीश्वरवाद्यांना हे पटत नाही. त्यांच्यासाठी अन्य गट निर्माण झाले.

== कुटुंबीयांसाठी ==

मद्यपींच्या नातेवाइकांसाठी 1951 मध्ये 'अल-अनॉन' ही स्वतंत्र संघटना, तर किशोरवयीन मुलांसाठी 1957 मध्ये 'अलाटीन' सुरू झाली. मुक्तांगणमध्ये पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट चालतो. घरातील मद्यपी स्वतः सभेस जाण्यास तयार नसला, तरी त्याच्या घरची माणसे अल-अनॉनच्या सभेस जाऊ शकतात.