बाबांची एमएससीआयटी



परवा ऑफिसात 'स्किल मॅट्रिक्स' भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एक्सेलची शीट, टीममधल्या प्रत्येकाचं नाव आणि पुढे १ ते ५ पैकी एक आकडा. कुणाला कसलं ट्रेनिंग द्यायचं हे त्यावरून ठरणार. भरता भरता एकदम २००७ साल आठवलं, आणि मंडई.

मी तेव्हा पाचवीत. बाबा सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखक. कपाटात राज्य परीक्षा परिषदेची दोन प्रमाणपत्रं जपून ठेवलेली: मराठी ३० शब्द, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट. ही परीक्षा सरळ होती. काम टायपिंगचं, म्हणून परीक्षाही टायपिंगची. घड्याळ लावा, चुका मोजा, संपलं.

मग संगणक आले. २००१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल स्थापन झालं आणि पाठोपाठ एमएससीआयटी सुरू झाली. परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची. सरकारी कर्मचाऱ्यांना ती किंवा तिच्या तोडीची अर्हता सक्तीची झाली. मुदत ३१ डिसेंबर २००७, नाहीतर वेतनवाढ बंद. पन्नाशी उलटलेल्यांना सूट होती, पण बाबा ४८ चे!

क्लास मंडईजवळ, एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर. शनिवारी मीही जायचो, कारण येताना भाजीच्या पिशव्या धरायला कुणीतरी हवं. खाली मेथीच्या जुड्यांचा भाव चाललेला, वर 'फाइल, सेव्ह ॲज'. बाबांचा डबल क्लिक काही केल्या जमेना. दोन क्लिकच्या मध्ये एक श्वास जायचा. शेजारी बारावीची पोरं. बाबा माझ्याकडे बघायचे नाहीत, मीही खिडकीबाहेर बघायचो.

एके दिवशी सरांनी विचारलं, "काका, मराठी टायपिंग येतं का तुम्हाला?" आणि सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइपरायटरचा कीबोर्ड निवडून दिला. तोच जुना रेमिंग्टन. बाबांनी बोटं ठेवली आणि सुटलेच! स्क्रीनकडे न बघता अख्खं परिपत्रक. पोरं आपलं काम सोडून बघत राहिली.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. शिक्षक, तलाठी, लिपिक सगळ्यांना एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा. तुमचं रोजचं काम काय आणि तुम्हाला आधीपासून काय येतं, हे आधी कुणी विचारलंच नाही. गरज मोजायच्या ऐवजी तारीख ठरवली. मुदत चुकलेल्यांच्या वेतनवाढीचे वाद पुढे कित्येक वर्षं चालले.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. ती तारीख नसती तर बाबा त्या जिन्याची पायरी चढले नसते. लाखो मोठ्या माणसांनी पहिल्यांदा माउस धरला तो अशाच गल्लीबोळांतल्या क्लासमध्ये. पुढे परीक्षा परिषदेनेही टंकलेखनाची परीक्षा संगणकावर आणली. ३० आणि ४० शब्द मात्र तेच राहिले.

जाता जाता मंडईबद्दल. ही इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी बाजारावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. इमारत झालीच, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचंच नाव मिळालं. आज निवडणुकीच्या सभा आणि भाजीच्या भावाखेरीज मंडईचं नाव निघत नाही, पण शिक्षणावर खर्च कुठे आणि कसा करायचा हा वाद तिच्या पायातच आहे.

बाबा पास झाले, नोव्हेंबरमध्ये. मार्क त्यांनी अजून मला सांगितलेले नाहीत. कचेरीत मात्र त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला दोन वर्षांनी.

असो. माझ्या शीटमध्ये एका सीनियर सहकाऱ्यांपुढे मी नव्या टूलसाठी १ लिहिला होता. तो खोडला नाही, कारण खरंच येत नाही त्यांना. पण शेजारी एक कॉलम वाढवलाय: 'आधीपासून काय येतं'. सोमवारी प्रत्येकाजवळ जाऊन विचारून भरणार आहे.