यजमान भाषा आणि अतिथी भाषा

भडगावच्या शेजारील चाळीसगाव तालुक्यात, पाटण येथे, शके ११२८ (इ. स. १२०७) चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ चांगदेवाने स्थापिलेल्या मठास मिळालेल्या दानाचा हा लेख होय. त्यातील प्रशस्ती संस्कृतात असून दानाचा व्यावहारिक तपशील मराठीत आहे. ज्यांना तो पाळावयाचा, त्यांची भाषा हीच होती.

स्थिर रचनेत व्यवहारभाषेस अशी जागा देण्याची पद्धती संगणकविद्येतही आढळते. यंत्रभाषेत एकदा रूपांतरित केलेला प्रोग्रॅम बदलणे हे तज्ज्ञांचे काम. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथॉलिक विद्यापीठात येरुसालिम्स्की, फिगेरेडो व सेलेस यांनी ‘लुआ’ ही लहान भाषा रचली. पेट्रोब्रास या तेलकंपनीतील, व्यवसायाने प्रोग्रॅमर नसलेल्या अभियंत्यांची गरज तीमागे होती. तिचा इंटरप्रिटर ‘सी’ भाषेतील यजमान प्रोग्रॅममध्येच सामावतो.

मात्र अतिथीस मर्यादा हवी. २००० सालच्या चौथ्या आवृत्तीत ती स्पष्ट झाली : प्रत्येक इंटरप्रिटरची अवस्था पृथक् राखावी, मूल्यांची देवघेव एकाच चळतीवरून व्हावी. अतिथीची चूक यजमानास बुडवू नये, म्हणून संरक्षित आवाहनाचीही सोय आहे. सीमा अशी निश्चित असली, तरच बदलाचा अधिकार तज्ज्ञेतरांच्या हाती निर्धास्तपणे सोपविता येतो.