शिकमची जमीन

आमचा प्लॉट 1994 सालचा. हैदराबादच्या पूर्वेकडच्या एका वसाहतीत, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. बघायला गेलो तेव्हा थंडीचे दिवस होते, पाण्यात बगळे उभे होते. सासूबाई परभणीच्या. पाण्याचा घोट मोजून प्यायलेल्या. त्या म्हणाल्या, "घ्या हो, विचार कसला करताय?" मी बेळगावची, मला पावसाचं नवल नव्हतं. पण तळ्याकाठी आपलं घर, हे मलाही फार मोठं वाटलं.

प्लॉटची किंमत खरेदीखतात लिहिलेली असते, पुढचं काही लिहिलेलं नसतं. पाया खणला तर खाली काळा चिखल. अठरा ट्रक मुरूम टाकला तेव्हा कुठे जमीन धरली. बोअर मारलं तर पाण्याला वास. समोर तळं आणि उन्हाळाभर दारात टँकर! आमच्यात पाणी गाळून प्यायचं आणि गाळण्यातलं जिवाणी, जिथून पाणी काढलं त्याच पाण्यात परत सोडायचं. टँकरच्या पाण्याचं जिवाणी कुठे सोडायचं, हे सासूबाई शेवटपर्यंत विचारत राहिल्या. मला उत्तर सापडलं नाही. पुढे प्लॉट नियमित करून घ्यायचे पैसे भरले. तेही दोनदा, कारण पहिल्या वेळची फाईलच सापडेना.

मग ऑगस्ट 2000 चा पाऊस आला. घरात गुडघाभर पाणी. सागवानी चौकटी फुगल्या, गाद्या गेल्या, माझी बी.ए.ची पुस्तकं गेली. चौथ्या दिवशी चिखल काढत होते, तेव्हा दूध घालणारे म्हातारे चाचा दारात उभे राहून म्हणाले, "अम्मा, ये तो शिकम की जमीन है. पानी आताइच."

शिकम हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. फारसीत शिकम म्हणजे पोट. तळ्याच्या पोटातली जमीन. पाणी ओसरलं की कडेच्या ओल्या गाळात पीक घ्यायचं, पाणी आलं की जमीन तळ्याची. असे शिकम पट्टे इथे रीतसर दिलेले असत. पीक घ्यायची मुभा होती, घर बांधायची नव्हती. आपल्या सातबाऱ्यावर पोटखराबा असतो, तो वेगळा. पण ज्यांनी जमिनी मोजल्या त्यांना जमिनीला पोट असतं हे दोन्हीकडे ठाऊक होतं म्हणायचं.

तेव्हापासून मी या शहराच्या पाण्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. हुसेनसागर सोळाव्या शतकातला, कुतुबशाहीतला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरी गंमत लहान तळ्यांची आहे. मोठा तो चेरुवू, लहान तो कुंटा, बांध म्हणजे कट्टा आणि जादा पाणी जिथून सांडतं तो अलुगू. वरच्या तळ्याचा अलुगू वाहिला की पाणी खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या. माळेसारखी ओवलेली तळी. ओवलेली म्हणूनच वरचा एक कट्टा फुटला की खालच्यांवर त्याचा भार पडतो.

28 सप्टेंबर 1908 ला तेच झालं. मुसी नदी शहरात शिरली. मृतांचा आकडा 15,000 पर्यंत सांगतात. अफजलगंजच्या बाजूला, आजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात, एक चिंचेचं झाड आहे; त्यावर चढून दीडशे माणसं वाचली. दुसऱ्या वर्षी निजामांनी विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे तेच. त्यांनी नदीच्या वरच्या खोऱ्यातली तळी मोजली. एकूण 788, त्यातली 221 फुटलेली. शहराच्या वर दोन मोठी धरणं बांधा, असं त्यांनी सुचवलं. मुसीवर उस्मानसागर 1920 मध्ये पुरा झाला, ईसीवर हिमायतसागर 1927 मध्ये.

धरणं झाली ते चांगलंच झालं. शहराला नळाचं पाणी मिळालं, नदीला लगाम बसला. पण मला वाटतं, तिथूनच लहान तळ्यांकडे पाठ फिरली. पाणी दुरून येतं म्हटल्यावर दारच्या तळ्याची गरज उरली नाही. पुढे खालची शेतं विकली गेली, म्हणून अलुगूकडे बघणारंही कुणी राहिलं नाही. मग राहिलं काय? जागा. मासाब टँक नावाच्या गजबजलेल्या भागात आज टँक शोधून दाखवा.

2012 मध्ये सरकारी हुकूम निघाला की, 10 हेक्टरांहून मोठ्या तळ्याच्या भरल्या रेषेपासून 30 मीटर आणि लहान तळ्यापासून 9 मीटर जागा मोकळी ठेवावी. तोवर आम्हाला राहायला येऊन पंधरा वर्षं झाली होती. पाण्याला तर हुकुमाचीही गरज नव्हती. 13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री ते पुन्हा आलं, या खेपेला कमरेपर्यंत. तीन दिवस आम्ही वरच्या मजल्यावर. पोहे आणि भाजलेले शेंगदाणे, तेही उजेड आहे तोवर खाऊन घ्यायचे.

आता ह्यांच्याने जिना चढवत नाही, म्हणून घर विकायला काढलंय. फेब्रुवारीत एक तरुण जोडपं आलं. ती पोर खिडकीशी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "बघ ना, बगळे!" मला एकदम तीस वर्षांपूर्वीची मी दिसले. त्याने विचारलं, "काकू, पावसाळ्यात पाणी वगैरे येतं का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आदल्या रात्रीच आमचं बोलणं झालं होतं. हे म्हणत होते, आपल्याला तरी कुठे कुणी सांगितलं होतं? खोटं बोलायचं नाही, विषय काढायचा नाही, एवढंच.

मी त्या दोघांना मागच्या खोलीत नेलं. तिथली भिंत 2020 नंतर आम्ही रंगवलेली नाही. पाण्याची रेघ अजून आहे. ती पोर रेघेशी उभी राहिली. तिच्या कमरेला लागली. मग मी शिकमचंही सांगितलं. शेवटी त्यांना चहा दिला.

भाव आम्ही खाली आणलाय. त्यांचा फोन अजून आलेला नाही. मागच्या खोलीला रंग काढून घेऊ या का, असं ह्यांनी दोनदा विचारून झालंय.