लग्नाच्या फोटोतले बाशिंग आणि मडके

रमाईच्या लग्नाचा फोटो आपल्यापैकी कोणीही पाहिलेला नाही. भायखळ्याचा बाजार उठल्यावर दगडी ओट्यांच्या आधाराने ते लग्न लागले आणि सकाळी बाजार भरायच्या आत वऱ्हाडाला जागा रिकामी करावी लागली, एवढे चरित्रांतून कळते. तिथे कॅमेरा कुठून येणार? आपण जपतो तो राजगृहातला कुटुंबाचा फोटो १९३४ सालचा, रमाईच्या निधनाच्या आदल्या वर्षीचा. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत बाबासाहेबांनी माईसाहेबांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले, त्याचे फोटो मात्र आहेत. हे झाले बाबासाहेबांचे. वस्तीतल्या बाकीच्यांच्या लग्नांचे काय?

खुलताबाद तालुक्यात हा प्रश्न आमच्यापुढे अचानक आला. एका वस्तीत समाजमंदिराची रंगरंगोटी चालू होती. बाबासाहेबांच्या तसबिरीला वाळवी लागली म्हणून फ्रेम उघडली, तर मागे पुठ्ठा म्हणून दडपलेला एक लग्नाचा फोटो निघाला. काळा-पांढरा, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. मागे ना नाव, ना गाव, ना स्टुडिओचा शिक्का. फ्रेमवाल्याने हाताला लागेल तो पुठ्ठा वापरला असणार. वस्तीत विचारले, ओळखणारे कोणी निघाले नाही.

फोटोत नवरा-नवरी उभे आहेत. मध्ये पाटावर मातीचे मडके, मडक्यातून आलेला धागा दोघांच्या हातात. नवऱ्याचा सदरा पांढरा, नवरीचे लुगडेही पांढरे दिसते. आणि दोघांच्याही कपाळाला बाशिंग.

या बाशिंगावरून आमच्यात भांडण झाले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या फलकावर हा फोटो लावायचे ठरले तेव्हा एक तरुण सहकारी म्हणाला, बाशिंग पुसून टाकू, मोबाइलवर दोन मिनिटांचे काम आहे. बौद्ध लग्नात बाशिंग कसे? लोक आपल्याला अर्धवट म्हणतील.

आमचे म्हणणे असे की बाशिंग पुसले तर फोटोतला इतिहासच पुसला जाईल.

मडके कुठून आले ते आपल्याला ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. ४ डिसेंबरच्या एका पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध विवाहाचा विधी सांगितला. होम नको, सप्तपदी नको. वधू-वरांच्या मध्ये नवे मातीचे भांडे पाण्याने काठोकाठ भरून ठेवायचे, त्यात सुताचा धागा सोडून एकेक टोक दोघांनी धरायचे, कोणीतरी मंगलसुत्त म्हणायचे. दोघांचेही कपडे पांढरे. दोनच दिवसांनी बाबासाहेबांचे परिनिर्वाण झाले. म्हणजे विधी हातात आला आणि समजावून सांगणारा गेला. पुढचे सारे गावोगावच्या माणसांनी आपल्या बुद्धीने निभावले. कोणी कुठे पाहून आले, कोणी ऐकून आले आणि मांडवात मडके मांडले.

आता बाशिंग. आपल्या माणसांनी लग्नात सजावे की नाही, हे सजणाऱ्यांच्या हातात नव्हते. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी इंदूर भागातल्या बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. १९२८ सालचे. सवर्णांनी त्यांच्यावर नियम लादले होते की जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आणि सवर्णांच्या लग्नांत वाजंत्री मात्र बलायांनीच वाजवायची! अशा समाजव्यवस्थेतून आलेल्या माणसाने नवरदेवाचा साज डोक्यावर चढवला आणि त्याच मांडवात भटजी आणि होम नाकारला, तर त्याला अर्धवट कोणत्या तोंडाने म्हणायचे?

वस्तीतल्या एका आजीला आम्ही तो फोटो दाखवला. तो तिचा नव्हता. पण ती म्हणाली, "आमच्या लग्नात बी असंच. मडकं पोरांनी मांडलं, बाशिंग मामानं आणलं. मामाला काय माघारी पाठवावं?" आम्ही गप्प झालो. धम्मक्रांतीवर इतकी पुस्तके वाचली, पण मामाला माघारी पाठवायचे की नाही हा प्रश्न एकाही पुस्तकात आमच्या वाचनात आला नव्हता. तो प्रत्येक मांडवात सुटला असणार, कुठे प्रेमाने, कुठे भांडून.

अनोळखी प्रतिमेला मन मानेल ती गोष्ट चिकटवली की काय होते, हे पाहायला खुलताबादहून लांब जावे लागत नाही. घाट उतरला की वेरूळ. दहाव्या लेण्यात स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेले बुद्ध आहेत. छताला लाकडी तुळयांसारख्या दगडी फासळ्या आहेत. त्यावरून लेण्याला 'सुताराची झोपडी' नाव पडले आणि बुद्धांचे विश्वकर्मा झाले. सुतार मंडळी श्रद्धेने हात जोडायला येत, त्यांचा दोष नाही. पण बुद्धांची ओळख गेली ती गेलीच.

पाचवे लेणे तर आपल्या अधिकच जवळचे. लांबलचक दालन, मध्ये दोन समांतर बुटके दगडी बाक, मागच्या गाभाऱ्यात बुद्ध. याचे रूढ नाव 'महारवाडा'. ब्रिटिश काळातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत पहिल्या काही लेण्यांच्या गटाला तर 'ढेडवाडा' असे छापले आहे. आपले काही भाषणकर्ते याच नावावरून सांगतात की बघा, ही लेणी आपल्याच पूर्वजांची. टाळ्या पडतात. पण ओस पडलेल्या विहारात पावसापाण्यात आसरा घेतलेल्या माणसांवरून पडलेले किंवा तुच्छतेने दिलेले नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. त्या आसरा घेणाऱ्यांची जात तेवढी नोंदली गेली, माणसांची नावे नाहीत. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे फोटोंचे पुस्तक काढले, त्याचाही खाक्या हाच. चेहरा माणसाचा, खाली जात.

मग कल्पना करायचीच नाही का? बाबासाहेबांनी तसे म्हटलेले नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत त्यांनी हाच प्रश्न घेतला आहे. इतिहासाच्या साखळीतले दुवे हरवले असतील तर अभ्यासकाने हात बांधून बसावे काय? त्यांचे उत्तर होते की कल्पनाशक्ती आणि अंतर्ज्ञान वापरून खिंड भरून काढायला हरकत नाही, मात्र मांडले आहे ते गृहीतक आहे हे कबूल करून. ज्यांच्या हाती दप्तरे नव्हती त्यांना एवढी मुभा लागतेच. टाळ्या घेणारे मुभा घेतात आणि कबुली विसरतात.

आम्ही त्या फोटोवर हे करून पाहिले. नवऱ्याच्या खिशाला पेन आहे. एकजण लगेच म्हणाला, हा मिलिंद महाविद्यालयात शिकलेला! १९५० ला औरंगाबादेत मिलिंद सुरू झाले, खुलताबाद तिथून फार लांब नाही, तेव्हा अशक्य काही नाही. दुसरा म्हणाला, पेन उसना असेल, फोटोपुरता पाहुण्याच्या खिशातून काढलेला. तेही शक्य. पण उसना असला तरी फोटोत आपण कसे दिसावे असे त्या माणसाला वाटत होते, ते त्यातून कळते. पांढऱ्या लुगड्यावरही फार भिस्त ठेवता येत नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत फिकट पिवळेही पांढरेच दिसते.

तासभर हे चालले आणि मग लक्षात आले की नवरीबद्दल आमच्यापैकी एकानेही अंदाज केलेला नाही. सगळ्या गोष्टी नवऱ्याच्या. समतेवर भाषणे देणारे आम्हीच ते!

पुन्हा नीट पाहिले. लुगडे घोट्यापर्यंत आहे. हातात काचेच्या बांगड्या आहेत, कोपरापर्यंत चढलेल्या पाटल्या नाहीत, गळ्यात जड सऱ्या नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले होते ते याच गोष्टींवर. गुडघ्याशी आखूड लुगडे आणि हातागळ्यातले कथलाचे-चांदीचे ओझे ही अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले होते. महाड कोकणात, इंग्रजी मुलखात. हा भाग निजामाच्या राज्यात. ३० डिसेंबर १९३८ ला शेजारच्या कन्नड तालुक्यात मक्रणपूरला परिषद झाली, बाबासाहेब आले, भाऊसाहेब मोरेंनी एकमेकांना 'जयभीम' घालायचे आवाहन केले. ते शब्द तोंडी बसायला आणि लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत यायला किती सासवा-सुनांची भांडणे लागली असतील? किती जणींनी अंगावरच्या पाटल्या रडत उतरवल्या असतील, कारण तीच त्यांची पुंजी होती? हा आमचा अंदाज. घोट्यावरचा काठ हा पुरावा.

असे फोटो आपल्याकडे आधीच थोडे. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. घराबरोबर पत्र्याची पेटी जळते आणि पेटीत तळाशी ठेवलेला लग्नाचा फोटो जळतो. भांड्यांची, ज्वारीची किंमत पंचनाम्यात घालता येते. फोटोची किती घालणार?

बाशिंग पुसले नाही. सहकारी दोन दिवस रुसला, नंतर फलक बांधायला तोच शिडीवर चढला. फोटोच्या मागे आम्ही एक कागद चिकटवला आहे. वरच्या अर्ध्या भागात दिसते ते लिहिले: मडके, धागा, दोन बाशिंगे, पेन, काचेच्या बांगड्या. मध्ये रेघ मारली. रेघेखाली अंदाज, ज्याने केला त्याच्या सहीसह. अगदी तळाशी तीन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत: वधू, वर, गाव. वधूचे नाव आधी लिहायचे, ही सूचना आजीची.